उजळू नये असा दिवा

घाटकोपर (पूर्व)
१४ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव हर्षद यास,

ज्येष्ठ भ्राता मधुकर याचा सविनय नमस्कार. वयाने थोर असल्यामुळे वास्तविक मी आशीर्वाद द्यावयाचा. परंतु गेली चार वर्षे माझ्याकडून येणारी कोणतीच वस्तू तू स्वीकारत नाहीस, म्हणून आशीर्वाद तूर्त राखून ठेवला आहे.

प्रस्तुत पत्र ज्या मार्गाने तुझ्या हाती पडत आहे तो मार्ग कोणत्याही शास्त्रात वर्णिलेला नाही. दूरध्वनीवर तू मला अवरुद्ध केले आहेस. टपाल तू न फोडता परत धाडशील, इतका तुझा स्वभाव मी जाणतो. तेव्हा आमच्या प्रयोगशाळेचे सारथी चंदू घाडी यांच्या शीतपेटीच्या झाकणाला, आतल्या अंगाने, हे पत्र चिकटवले आहे. पेटी मानखुर्दहून रिकामी निघते आणि खारदांड्याहून कोळंबीच्या टरफलांनी भरून परतते. ती टरफले तुझी धर्मपत्नी सौ. दिपाली पुरवते, हा निव्वळ योगायोग होय. खारदांड्याच्या कोळंबीचे कवच आमच्या कार्यास सर्वाधिक अनुकूल असल्याचे मी खरेदी विभागास लेखी कळवलेले आहे.

टरफलांचे आम्ही काय करतो, असा प्रश्न तुला पडला नसेल. तरी उत्तर देतो, कारण न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देणे हाच माझा व्यवसाय. टरफले धुतो, वाळवतो, दळतो आणि पाण्यासह एका बंद पोलादी भांड्यात तापवतो. हे भांडे म्हणजे आईच्या कुकरचा सरकारी नोकरीला लागलेला भाऊ. त्यातून फिक्या चहासारखे पाणी निघते आणि त्यावर जांभळा दिवा धरला की ते निळे उजळते. त्यात कार्बनचे असे सूक्ष्म कण असतात, की एका केसाच्या जाडीत हजारो शेजारी शेजारी बसावेत. (केस तुझा घ्यावा. माझ्या केसांचा विषय इतिहासजमा झाला आहे.)

या कणांवर आम्ही एक आवरण चढवतो, म्हणजे ते निमूट काळोखात राहतात. मग त्यांत रक्तातल्या पाण्याचा थेंब टाकतो. पौरुषग्रंथीच्या, म्हणजे लोक ज्याला प्रोस्टेट म्हणतात त्या ग्रंथीच्या, कर्करोगाची खूण सांगणारे प्रथिन त्या थेंबात वाजवीपेक्षा अधिक असेल, तर ते आवरण दूर सारते आणि नळी उजळते. नसेल तर नळी काळी राहते. सांजवात लावून हात जोडणाऱ्या आपल्या घराण्यात मी असा दिवा घडवत बसलो आहे, जो उजळू नये म्हणून हात जोडायचे.

बाबांना हाच आजार होता. रात्री ते पुनःपुन्हा उठत आणि म्हणत, "गिरणीच्या तिसऱ्या पाळीची सवय रे, अंग झोपत नाही." आपण हसत असू. दोघेही हसत असू, एवढे नमूद करतो.

राहता राहिला आपल्या अबोल्यास कारण झालेला गणपती. तू चार वर्षांपूर्वी दांड्याला स्वतंत्र मूर्ती आणलीस आणि दोन गणपतींमध्ये किमान किती अंतर असावे याचा पालिकेचा नियम पाहावा लागेल, असे मी बोललो. तो विनोद होता. दिपालीचे वडील शेजारी उभे होते, हे त्या विनोदाचे दुर्दैव.

उत्तर अपेक्षित नाही. पेटी अपेक्षित आहे.

तुझा,
मधुकर


घाटकोपर (पूर्व)
११ मार्च २०२५

प्रिय हर्षद,

दूताने वृत्तांत कथन केला. दिपालीने पत्र मोठ्याने वाचले; तू ओट्यावर कुठल्याशा बोटीच्या इंजिनाचा नोझल रॉकेलने पुसत बसला होतास आणि "वाचायची काय गरज नाय" असे म्हणालास. मी चंदूंना विचारले, मग उठून गेला का? ते म्हणाले, "नाय सायबानू, उठाक काय नाय. पण एकच नोझल पुसत होते." मला एवढा प्रतिसाद पुरेसा आहे.

आता एक अप्रिय वार्ता. आमच्या दिव्याची परीक्षा पाहण्यासाठी प्रयोगशाळेतल्या काही निरोगी पुरुषांनी स्वतःचे रक्त दिले आहे. कोणाचे कोणते, हे कोणास कळू नये म्हणून नळ्यांवर नावे नसतात. नि-१, नि-२ अशा खुणा असतात. 'नि' म्हणजे निरोगी. खुणांची किल्ली केवळ माझी संशोधन-सहायक दर्शना हिच्यापाशी. सर्व नळ्या काळ्या राहावयास हव्यात. राहतात. फक्त नि-४ उजळते. मंद नव्हे; दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखी.

सर्वांचे रक्त पुन्हा ताजे घेतले, तरी तीच उजळली. आता तर्कशास्त्र पाहा: माणूस निरोगी आहे, नळी उजळते, अर्थात दिवा खोटे बोलतो. माणूस निरोगी कशावरून, असे विचारशील, तर आमची पद्धत अत्यंत कडक आहे. "तुम्हांला काही होत नाही ना?" असे विचारायचे आणि जो "छे!" म्हणेल त्याचे रक्त घ्यायचे. ही पद्धत मीच घालून दिली.

दिव्यात खोट म्हणजे कणांत खोट आणि कणांत खोट म्हणजे कच्च्या मालात खोट. म्हणून माझ्या सहीने टरफलांची खरेदी तूर्त स्थगित होत आहे. दिपालीस योग्य शब्दांत सांग. योग्य शब्द मला सापडले नाहीत. संस्कृतात एक होता, पण तो तिला आवडणार नाही.

अन्यथा क्षेम आहे. लांबलेल्या सभांतून मी हल्ली मध्येच दोन-तीनदा उठून जातो. नव्या संचालकांची समजूत अशी, की मी निषेध नोंदवत आहे. त्यामुळे माझा दरारा वाढला आहे. तुझी वहिनी प्रेमा म्हणते, "निषेध रात्री घरीपण चालू असतो का? डॉक्टरला दाखवा." मी तिला सांगितले, तिसरी पाळी आहे.

मधुकर


घाटकोपर (पूर्व)
२८ मार्च २०२५

प्रिय हर्षद,

हे पत्र चंदू विनापेटीचे, हाती आणून देतील. कारण पेटी बंद आहे आणि ती का बंद राहू शकत नाही हे सांगण्यासाठीच ते येत आहेत.

गेल्या आठवड्यात सौ. दिपाली मानखुर्दला आमच्या प्रवेशद्वाराशी अवतीर्ण झाली. सुरक्षारक्षकाने ओळखपत्र मागितले. तिने डोक्यावरची पाटी उतरवून त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ही बघ माजी ओलख. माज्या कोलबीला नावं ठेवनारा कोन तो, त्याला बोलव खाली."

मी खाली गेलो.

"तुमी? दादा, तुमीच?"

"हे पाहा दिपाली, हा वैयक्तिक प्रश्न नाही. अशुद्धीची शक्यता..."

"पहाटे सोललेली कोलबी, बर्फात घातलेली, आनि अशुद्ध? तुमच्या भांड्यातच खोट हाय का ते आदी बघा. घाटकोपरला मार्केट नाय? चेंबूरला मावरा मिलत नाय? दांड्यापरत गारी पाठवता ती काय कवचासाठी? मना सगला समजतं."

मी खरेदी विभागाचा दाखला देऊ लागलो. तिने हात वर करून तो दाखला मध्येच अडवला.

"भावाशी बोलायचाय तर बोला. तो पन तसाच, तुमी पन तसेच. पन तुमच्या भांडनात माज्या मालाला बदनाम करू नका. दुसऱ्याचा माल लावून बघा, मंग बोला." आणि पाटी उचलून निघून गेली. टेबलावर ओले वर्तुळ राहिले. सुरक्षारक्षक मला म्हणाला, "सर, मॅडम कोण होत्या?" मी म्हटले, परीक्षक.

तिच्या सूचनेप्रमाणे आम्ही अन्य बाजारातील टरफले आणून, तीच कृती करून, तेच रक्त तपासले.

नि-४ उजळली. किंचित अधिकच.

तेव्हा माझ्या भावजयीच्या कोळंबीची मी जाहीर क्षमा मागतो आणि खरेदी पुन्हा सुरू करतो. मग खोट कोठे आहे, हे मला अद्याप उमगलेले नाही. दर्शना हल्ली माझ्याकडे पाहत नाही. बहुधा तिला उमगले असावे.

मधुकर


घाटकोपर (पूर्व)
१९ एप्रिल २०२५

प्रिय हर्षद,

हे पत्र दिपालीने वाचून दाखवू नये. तू स्वतः वाचावेस. नोझल खाली ठेव.

दर्शना माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "सर, दार लावू का?"

"वैज्ञानिक चर्चा उघड्या दाराने व्हावी, असे माझे मत आहे."

"सर, प्लीज."

तिने दार लावले. बसली. ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मी नि-४ची किल्ली उघडून पाहिली."

"हा नियमभंग आहे."

"हो. सर, नि-४ तुम्ही आहात."

मी तिला समजावले, की मग तर दिवा बिघडलेला आहे हे सिद्धच झाले. कारण मी निरोगी आहे, आणि तसे मी स्वतः मला विचारून खात्री करून घेतली आहे. हर्षद, ही मुलगी माझ्या फालतू कोट्यांवरही हसते. या वेळी हसली नाही. म्हणाली, "दिवा बरोबर आहे सर. टरफलंपण पहिल्यापासून बरोबर होती. तुम्ही डॉक्टरकडे कधी जाताय?"

माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम शोध बरोबर निघाला आणि मला त्याचा आनंद व्यक्त करता येईना, अशी ही विचित्र घटिका.

आमच्या दिव्याला रोगनिदानाचा अधिकार अजून नाही. म्हणून रुग्णालयात रीतसर रक्त दिले, मग ग्रंथीचा तुकडा काढून तपासला. कर्करोग आहे. ग्रंथीच्या भिंतीआडच आहे, बाहेर पडलेला नाही. जूनमध्ये शस्त्रक्रिया करून ग्रंथी काढून टाकायची, असे ठरले. सर्जन आशावादी आहेत. बाबांचा आजार कळला तेव्हा तो हाडांपर्यंत गेला होता, हे तुला आठवतच असेल. रुग्णालयात त्यांना उचलून तूच नेत असस.

आता ज्यासाठी लेखणी उचलली ते.

वडील आणि सख्खा भाऊ, दोघांनाही हा आजार असला, की धाकट्याचा धोका इतरांच्या कित्येक पट होतो. तू सत्तेचाळीस वर्षांचा आहेस. हीच तपासणीची वेळ. साधी रक्ततपासणी आहे, कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजीत होते. तुला इंजिनाचा आवाज बदलला की खोलून पाहायची सवय आहे. स्वतःच्या बाबतीत आवाज यायच्या आधी खोल, इतकेच मागणे.

माझ्याशी बोलावे लागणार नाही. तपासणी करून निकाल चांगला आला, की शीतपेटीच्या कडीला जाळ्याचा निळा दोरा बांध आणि एक गाठ मार. चांगला नसेल तर दोरा नुसता गुंडाळ. मी समजेन.

मी कडीकडे पाहत आहे.

तुझा दादा


घाटकोपर (पूर्व)
३० मे २०२५

हर्षद,

पेटी आली, दोरा नव्हता. पुढल्या खेपेस आली, कडीला चिकटपट्टीचा तुकडा होता. तो मी उलटासुलटा करून पाहिला. त्यापुढे आली तेव्हा दर्शना माझ्याआधी धावली आणि कडी पाहून मुकाट्याने टरफले मोजून घेऊ लागली. आता पावसाळी मासेमारीबंदी लागेल, बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातील आणि पेटी ऑगस्टपर्यंत फिरणार नाही.

तुझे कारण मी ओळखतो. बाबांचेच. जोवर विचारले नाही तोवर काही नसते. मीही चार महिने त्याच कारणावर नोकरी केली.

खरे सांगतो, आज मला नीट चेष्टा जमत नाही आहे. मला भीती वाटते. माझ्याबद्दल नाही, ते खाते प्रेमाने घेतले आहे आणि ती ते इतके मन लावून सांभाळते, की मला त्यात ढवळाढवळ करायला जागा नाही. मला तुझी भीती वाटते. लहानपणी तू रस्ता ओलांडताना माझा हात सोडायचास आणि पलीकडे जाऊन मला वेडावून दाखवायचास, तेव्हा वाटायची तशी.

माझी शस्त्रक्रिया १२ जूनला आहे. शस्त्रक्रियागृहाबाहेर भाऊ बसतो, अशी रीत आहे. तू बसला नाहीस तरी चालेल. प्रेमा म्हणते, ती दोघांच्या वाटचे बसेल. तू फक्त रक्त दे.

दादा


घाटकोपर (पूर्व)
२२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. दिपाली हिस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या बाबतीत ते राखून ठेवण्याचे कारण नाही.

हे पत्र तुला अशासाठी, की तुझा नवरा काल घरी येऊन "ठीक आहे" एवढेच म्हणाला असणार आणि जेवायला बसला असणार. प्रयोगशाळेत काय घडले ते तुला समजण्याचा हक्क आहे. जूनमध्ये तू रुग्णालयात सूप घेऊन आलीस, तेव्हा तो खाली रिक्षांच्या रांगेपाशी छत्री मिटवून उभा होता, हे प्रेमाने खिडकीतून पाहिले होते. तू सांगितले नाहीस, म्हणून आम्हीही विचारले नाही.

काल, बंदीनंतरची पहिली पेटी आली. चंदूंच्या हाती नव्हती. ती तुझ्या नवऱ्याच्या खांद्यावर होती.

"दादा, कुठं ठेवू?"

चार वर्षांनी हे पहिले वाक्य. मी त्याहून भव्य काही योजले होते. त्यातले त्या क्षणी काहीच आठवले नाही. मी म्हटले, "तिथे, फ्रिजशेजारी."

मी आधी कडी पाहिली. त्याने मला पाहताना पाहिले.

"ते दोऱ्या-बिऱ्यांचं मला जमणार नाही. नुसता गुंडाळायची वेळ आली असती तर? अख्खा दांडा बघतो पेटीकडे." मग खुर्ची ओढून बाही वर सारत म्हणाला, "काढ रक्त."

मी सांगितले, आमचा दिवा अजून प्रमाणित नाही, खरा निकाल रुग्णालयाचाच.

"तिथं सकाळीच देऊन आलो. रिपोर्ट संध्याकाळी. तोपर्यंत घरी बसवत नाही रे. तुझा दिवा दाखव."

दर्शनाने त्याच्याकडून संमतिपत्रावर रीतसर सही घेतली. त्याने ते पहिल्या शब्दापासून वाचले आणि विचारले, "यातलं मराठी याने लिहिलंय का?" ती म्हणाली, "हो." तो म्हणाला, "तरीच."

रक्त फिरवून वरचे पाणी काढले. आम्ही दोघे अंधाऱ्या खोलीत गेलो. फळीवर तीन नळ्या ठेवल्या आणि मी जांभळा दिवा लावला.

"माझी कुठली?"

"डावीकडची."

"बंद आहे."

"बंद आहे."

"आणि ही मधली?"

"माझी. आजच सकाळी काढलेली."

"हीपण बंद."

"हो."

त्याने वाकून दिव्याला बोटाने टकटक करून पाहिले. मग त्याच्या अस्सल मेकॅनिकच्या आवाजात म्हणाला, "दादा, तुझा बल्ब तर गेला नाही ना?"

दिपाली, या एका शंकेपायी मी तुझ्या निष्पाप कोळंबीला कलंक लावला होता. दोघे भाऊ एकाच भांड्यात शिजलेले आहोत याला आणखी पुरावा नको. सुदैवाने तिसरी नळी अशाच संशयात्म्यांसाठी असते. तिच्यात ते प्रथिन आम्हीच मुद्दाम घालतो, म्हणजे दिवा जागा आहे हे कळावे. मी तिच्यावर टेकवलेला पुठ्ठा बाजूला केला.

ती निळी उजळली. तुझ्याच टरफलांचा उजेड. त्या उजेडात मला त्याचे तोंड दिसले. गाल ओले होते. डिझेलच्या धुराने त्याच्या डोळ्यांना पाणी येते, हे मी जाणतो. त्या खोलीत डिझेल नव्हते.

तो माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "तुझे केस गेले रे सगळे."

"हो."

"कधी?"

"तू नव्हतास तेव्हा."

यापुढचे मी लिहीत नाही. वैज्ञानिक महत्त्वाचे नाही. आम्ही बऱ्याच वेळाने बाहेर आलो, तेव्हा दर्शना दाराकडे पाठ करून एक स्वच्छ परीक्षानळी पुन्हा धूत होती.

संध्याकाळी रुग्णालयाचा निकाल आला. उत्तम. दरवर्षी एकदा तपासणी करायची, एवढेच. तो निकाल त्याने मला भ्रमणध्वनीवर धाडला आणि तो धाडण्यासाठी त्याला माझ्यावरचा अवरोध उठवावा लागला. खाली एकच शब्द लिहिला होता: "बघ". मी तो पुष्कळदा पाहिला. प्रेमा म्हणाली, "रिपोर्ट वाचा ना, नुसतं नाव काय बघताय?"

गणपती जवळ आले आहेत. आमचे दीड दिवसाचे, तुमचे पाच दिवसांचे. आमचे विसर्जन झाले, की प्रेमा आणि मी दांड्याला येतो. तुझ्या वडिलांसमोर बसून मोदक खाईन आणि तोंड भरलेले असल्यामुळे काहीही बोलणार नाही. दोन गणपतींमधले अंतर मी नकाशावर मोजलेले नाही.

पेटी रिकामी परत पाठवत आहे. चंदूंनी उतरवली, की आधी कडी पाहा. निळा दोरा मीच चंदूंकडून मागवून बांधला आहे. दोन गाठी आहेत. अलीकडची त्याची, पलीकडची माझी. गाठ मारण्यात मी अनभिज्ञ असल्याने माझी बेढब झाली आहे. तरी सोडू नकोस.

तुमचा,
दादा